सोमवारची पेशी

आमच्या घरात 'पेशी' हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नाही, असा नियम कोणी केलेला नव्हता, पण पाळत मात्र सगळे होते. ब्राह्मणपुरीच्या शिवारात आमचं वावर आणि शेजारचं वावर यांच्यामध्ये एक बांध होता. तो बांध कोणी कोरला, किती कोरला, यावरून आबांचा दावा शहाद्याच्या कोर्टात माझ्या जन्माआधीपासून चालू होता. आबा म्हणजे माझे मोठे काका आणि घराचे कर्ते. माझे वडील, म्हणजे बापू, त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. पेशीचा, म्हणजे कोर्टातल्या तारखेचा, दिवस उजाडला की घराचा नूरच पालटायचा. आबा पेटीतला काळा कोट बाहेर काढत आणि त्याचा डांबरगोळ्यांचा वास ओसरीभर पसरे. माझी माय त्यांच्या तळहातावर दही ठेवी, ते चाटून, पाठीमागे न बघता, कागदांची पिशवी काखेत मारून ते एस.टी.च्या थांब्याकडे निघत. माय तो शब्द तोंडातूनसुद्धा काढत नसे. "आबासले आज ते काम शे," एवढंच ती म्हणे, आणि तेही हळू आवाजात, जणू जोरात बोललं तर कोर्टाचा शिपाई ओसरीवर येऊन उभा राहील.

आबा संध्याकाळी परत येईपर्यंत घरात कोणी जेवत नसे. ते आले की आधी पाय धुणार, मग तांब्याभर पाणी पिणार, मग ओट्यावर बसून टोपी गुडघ्यावर ठेवणार. तोवर त्यांना काही विचारायची कोणाची छाती नव्हती. मग ते सांगत, "पुढली तारीख पडनी." ते ऐकलं की बापू बिडी शिलगावत आणि माय ताटं मांडायला उठे. दावा जिंकलो म्हणून हा आनंद नसे, आजच्या दिवस हरलो नाही म्हणून असे. त्या संध्याकाळच्या गरम कळण्याच्या भाकरीची आणि फुनक्यांच्या कढीची चव मला नंतर कुठल्याही हॉटेलात सापडलेली नाही.

अशा घरातून मी अकरावीला सायन्स घेतलं. आमच्या गावच्या मुली तेव्हा फार तर दहावीपर्यंत जात. आबांनी होकार दिला तो मला मार्क चांगले होते म्हणून कमी आणि त्यांच्या वकिलाची मुलगी सायन्सला होती म्हणून जास्त. पण होकाराला त्यांनी एक अट जोडली होती, आणि ती त्यांनी सगळ्यांसमोर, कोर्टातल्यासारखी, शब्द तोलून सांगितली. "शिक. पन एक बी तक्रार मन्हा कानवर उनी, ते त्याच दिवसले कॉलेज बंद." अटीच्या मागे धानोऱ्याचं एक स्थळ उभं होतं. मुलगा एकुलता, बागायती, घर चांगलं. त्यांना आबांनी 'होळीनंतर या' म्हणून सांगून ठेवलं होतं. माझं कॉलेज सुरळीत चाललं तर पाहू, नाही तर लग्नाचा बार उडवून टाकू, असा तो हिशेब होता. मला त्या मुलाचा राग नव्हता. मला फक्त जीवशास्त्राचा तास सोडायचा नव्हता.

त्याला कारण माने मॅडम. लोणखेड्याला शेतांच्या मधोमध आमचं कॉलेज, तिथे त्या साताऱ्याकडून नव्याने आल्या होत्या. शहाद्याला एक खोली भाड्याने घेऊन एकट्या राहत. बाई माणूस एकटी राहते, सायकलवरून कॉलेजला येते आणि वर्गात मुलांना दम देते, हे तिन्ही प्रकार आम्हाला नवीन होते. त्यांची शिकवायची रीतही निराळी. पुस्तकात लिहिलंय म्हणून खरं मानायचं नाही, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलांना फार आनंद झाला होता. मग त्यांनी मोड आलेले हरभरे एका थर्मासमध्ये घातले, दुसऱ्या थर्मासमध्ये तेवढेच हरभरे उकडून गार करून घातले, दोन्हींत तापमापक खोचले आणि दुसऱ्या दिवशी आम्हालाच बघायला लावलं. मोडांचा थर्मास गरम लागत होता, उकडलेल्यांचा नाही. "का?" त्यांनी विचारलं आणि उत्तर न देता तास संपवला. मी ते 'का' एस.टी.तून घरी घेऊन आले. मायला विचारलं, तर ती म्हणाली, "जित्तं शे ते गरमच ऱ्हास ना, बाई." नंतर कळलं की उत्तराचा बराचसा भाग तिने सांगून टाकला होता.

पेशी हा धडा आठवीपासून पुस्तकात होता. आम्ही तिचं चित्र काढत होतो, नावं लिहीत होतो, भाग पाठ म्हणत होतो, पण पेशी कोणी पाहिलेली नव्हती. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला बुरशी चढली होती आणि त्यातून काहीही पाहिलं तरी बुरशीच दिसे. मॅडमनी खटपट करून धुळ्याहून एक चांगला सूक्ष्मदर्शक फक्त एका दिवसासाठी मिळवला. तो सोमवारी येणार, मंगळवारी परत जाणार. हे त्यांनी वर्गात जाहीर केलं त्या शनिवारी मी नेमकी घरी होते, कारण घरात बिबडे होते.

बिबडे ज्यांनी केले नाहीत त्यांना तो दिवस सांगून कळायचा नाही. ज्वारी काही दिवस आधी मोठ्या घंगाळात भिजत घालायची, पाणी बदलत राहायचं, तिला आंबू द्यायचं. माय रोज सकाळी त्या घंगाळावर तळहात धरी आणि कोमट वाफ हाताला लागली की म्हणे, "आते उनी ती." मग ती ज्वारी वाटायची, चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची घालून घाटा शिजवायचा आणि तो घट्ट होत आला की दोघींनी मिळून लाकडी घोटण्याने ढवळायचा, दंड भरून येईपर्यंत. खाटेवर ओलं धोतर पसरायचं आणि त्यावर गरम घाट्याचे गोल गोल पापड थापायचे. बोटं पोळतात, पण थांबता येत नाही, कारण घाटा गार झाला की पसरत नाही. घरातल्या कुठल्याच बाईमाणसाला त्या दिवशी सुट्टी नसते, मग कॉलेज कुठलं. शिवाय मला घाटा खायचा असे. वर कच्चं तेल ओतून तो गरम घाटा खाणं हीच खरी मजुरी.

तर आम्ही खाटेभोवती बसलो होतो आणि आबा ओट्यावर आपल्या बॅटरीचे सेल उन्हात मांडत होते. रात्री वावरात जायला बॅटरी लागे आणि सेल उतरले की ते फेकून न देता उन्हात ठेवले तर पुन्हा थोडे दिवस चालतात, असा त्यांचा अनुभव होता. एवढ्यात सुपडूभाऊ आला. तो आमच्या गावचं दूध शहाद्याला घालायचा. माने मॅडमच्या खोलीवरही त्याचंच दूध जाई. सायकल भिंतीला टेकवून, रिकाम्या कॅना खडखडवत तो म्हणाला, "आबा, निरोप शे. तुम्हनी रत्नानी सोमवारी पेशी शे."

आबांच्या हातातला सेल तसाच राहिला. "काय शे?"

"पेशी. त्या मॅडमनी सांगं. रत्नाले म्हना, हजर ऱ्हावानंच. सोमवार चुकना ते पुढली तारीख मिळनार नई."

आता विचार करा. पेशी, हजर, पुढली तारीख. तीन शब्द, आणि तिन्ही आमच्या घरात एकाच जागेहून आलेले. मायच्या हातातला घाट्याचा गोळा धोतरावर नीट न पडता कडेला लोंबला. मी तोंड उघडणार तोच आबांनी हात वर केला आणि सुपडूभाऊला विचारलं, "आनखी काय सांगं?"

"कांदा संगे लयानं सांगं. घरना, पांढरा."

"मुद्देमाल," आबा म्हणाले, आणि ओट्यावरच बसले.

पुढचं सगळं त्यांनी स्वतःच जुळवलं. लोणखेड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कांद्याची वावरं. पोरी थांब्यावरून घोळक्याने पायी जातात. "कोनीतरी कांदा उपटेल व्हई. वावरवाला कॉलेजमा गया व्हई. आते पेशी शे," ते बापूंना म्हणाले, आणि बापूंनी हळूच मान हलवली. मी एव्हाना उठून उभी राहिले होते. हात कोपरापर्यंत घाट्याने भरलेले.

"आबा, ती पेशी नई! कांदानी पेशी शे. कांदाले पेशी ऱ्हास."

"कांदाले पेशी ऱ्हास?"

"हा. कांदाले ऱ्हास, माले ऱ्हास, तुम्हले ऱ्हास. सम्दासले ऱ्हास. लाखो."

"मन्ही एक पेशी माले जड जाई ऱ्हायनी," आबा म्हणाले, "आन् तू माले लाखो सांगी ऱ्हायनी?"

"आबा, ती डोयासले दिसत नई. साल काढतस, रंग टाकतस, काचवर ठेवतस, मंग दिसस."

बापू माझ्याकडे कळवळून बघत होते. "दादा, तिले ऊन लागनं वाटस," ते आबांना म्हणाले. मायने डोळ्यांना पदर लावला. मला खरं सांगायचं तर हसू येत होतं आणि रडूही येत होतं, कारण मी जितकं समजावत होते तितकी माझी बाजू पडत होती. खोट्या साक्षीदाराची आबांना पक्की पारख होती, आणि न दिसणाऱ्या वस्तूविषयी एवढ्या ठामपणे बोलणारी पोर त्यांच्या हिशेबात खोटा साक्षीदारच होती. शेवटी त्यांनी निकाल राखून ठेवला. "सोमवारी मी सोता जासू. काय आरोप शे ते आयकसू. खरं निघनं ते कॉलेज बंद, आन् धानोरावालासले हा सांगी देसूत."

सुपडूभाऊने घाटा खाल्ला, चांगला झालाय म्हणाला आणि गेला. मी उरलेले बिबडे थापले. ते बरेचसे वेडेवाकडे झाले आणि त्या वर्षी ताटात वाकडा बिबडा आला की सगळे माझ्याकडे बघत.

सोमवारी सकाळी आबांनी काळा कोट चढवला. मायने त्यांच्या तळहातावर दही ठेवलं आणि मग, क्षणभर थांबून, माझ्याही ठेवलं. बापूंनी कांद्याच्या चाळीतून निवडून एक गोल, टणक, पांढरा कांदा आणला आणि तो स्वच्छ पुसून फडक्यात बांधून माझ्याकडे दिला. एस.टी.त आबा खिडकीशी बसले, मी शेजारी. गोमाईचा पूल ओलांडताना ते एकदाच म्हणाले, "खरं सांगजो. मी शे." मला त्यांची इतकी भीती वाटत होती आणि त्याच वेळी, आपल्या बाजूने एवढा मोठा माणूस कोट घालून निघालाय, याचं बरंही वाटत होतं.

प्रयोगशाळेच्या दारात आबा थांबले, टोपी सारखी केली आणि घरच्या बोलीतून थेट कोर्टाच्या मराठीत शिरले. "नमस्कार, बाईसाहेब. रत्ना हिच्यातर्फे मी हजर आहे. पेशी कोणासमोर आहे?"

"माझ्यासमोरच आहे," मॅडम म्हणाल्या. "या ना."

"आरोप काय?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मग त्यांनी तो काळा कोट बघितला, काखेतली पिशवी बघितली. आबांनी माझ्या हातातलं फडकं घेऊन टेबलावर सोडलं आणि कांदा पुढे सरकवला. "मुद्देमाल आणला आहे." मागून मुलांचं हसू फुटलं. मॅडमनी नुसती मान वळवली, तेवढ्याने ते थांबलं. पण त्या स्वतः हसल्या नाहीत. यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. पुढे मी स्वतः मास्तरीण झाले तेव्हा कळलं की अशा वेळी न हसणं हे किती कठीण काम आहे. त्यांनी आपली खुर्ची आबांना दिली. "बसा, आबा. आरोप कोणावरच नाही. आज इथं नुसती साक्ष आहे, आणि ती कांदाच देणार आहे."

"साक्षीदार खोटं बोलतात, बाईसाहेब. मी जन्मभर पाहिलंय."

"म्हणून तर मी सांगते त्यावर विश्वास ठेवायचा नाही. तुम्ही स्वतः बघायचं, आणि दिसेल तेच सांगायचं."

हे आबांना पटलं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मॅडमनी कांदा चिरला, एक पाकळी उचकटून तिच्या आतल्या बाजूचा पातळ, ओल्या कागदासारखा पापुद्रा चिमट्याने सोलला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला, वर आयोडीनचा थेंब सोडला आणि बुडबुडा राहू नये म्हणून झाकणकाच कडेने हळूच टेकवली. मग आरसा खिडकीकडे फिरवला आणि म्हणाल्या, "आधी आबा."

आबांनी डोळा लावला. "काळं आहे." त्यांना आपल्याच पापण्या दिसत होत्या. मॅडमनी आरसा हलवला, चाक फिरवलं. बराच वेळ काही नाही. वर्गात एवढी शांतता होती की बाहेर विहिरीवरचं इंजिन ऐकू येत होतं. आणि मग आबांचं कोर्टाचं मराठी गळून पडलं.

"आरे! हाई ते वावर शे!"

"काय दिसतंय?"

"वावरं शेतस, बाई. एकले लागीसन एक. आन् बांध शेतस मझार, सम्दा सरका." ते डोळा न काढता बोलत होते, एक हात हवेत काहीतरी मापत होता. "हर वावरमा एक विहीर शे. आन् देखा ना, एक बी बांध कोनी कोरेल नई!"

"त्या बांधाला आम्ही पेशीभित्तिका म्हणतो," मॅडम म्हणाल्या, "आणि विहिरीला केंद्रक. आणि त्या एका एका वावराला पेशी. हीच ती पेशी."

आबांनी डोळा काढला, चष्मा पुसला, सूक्ष्मदर्शकाकडे वरून खाली बघितलं. आता ते भानावर आले होते आणि त्यांच्यातला दावेदार जागा झाला होता. "बाईसाहेब, ह्या रेघा तुमच्या काचेवरच नसतील कशावरून?"

मॅडमचा चेहरा असा फुलला की मला आबांचा हेवा वाटला. "बघू या," त्या म्हणाल्या. त्यांनी दुसरी काचपट्टी घेतली, पाणी टाकलं, तेच आयोडीन टाकलं, पण कांदा ठेवला नाही. आबांनी डोळा लावला. नुसता पिवळसर उजेड. मग दुसऱ्या कांद्याचा पापुद्रा लावला, पुन्हा वावरं. आबांनी तिसरा मागितला. आमचा अर्धा तास त्यांनी एकट्याने खाल्ला, पण कोणी कुरकुरलं नाही, कारण एव्हाना प्रत्येकाला वाटायला लागलं होतं की इथे काहीतरी ठरतंय. मॅडम म्हणाल्या, "विज्ञान एवढंच असतं, आबा. दिसलं, शंका आली, शंका तपासली, आणि पुन्हा बघितलं."

"म्हणजे उलटतपासणी," आबा म्हणाले.

मग मॅडमनी मला पुढे बोलावलं, आगकाडीच्या मागच्या टोकाने माझ्या गालाच्या आतून अलगद खरवडलं आणि ते काचपट्टीवर पसरून आबांना म्हणाल्या, "तुम्हाला निरोप होता ना, रत्नाची पेशी आहे म्हणून? ही बघा."

आबा बघत राहिले. शेवटी म्हणाले, "हिले बांध नई."

"नसतो. माणसाच्या पेशीला भिंत नसते, नुसतं पातळ आवरण असतं."

"विहीर शे."

"विहीर आहे."

आबांनी मान हलवली. जाता जाता, उगाच विचारल्यासारखं, त्यांनी विचारलं, इंग्रजीत याला काय म्हणतात. मॅडम म्हणाल्या, सेल. "बॅटरीचा सेल?" "शब्द तोच." "मग हा उतरत नाही का?" आणि इथे मॅडमनी हातातली काचपट्टी ठेवून दिली. "उतरतो, आबा. म्हणूनच भाकरी खावी लागते. भाकरीतली साखर ही पेशी जाळते, पण जाळ न करता, हळूहळू. श्वासातली हवा तिला त्यासाठीच लागते. त्यातून जी शक्ती निघते तिच्यावर तुम्ही चालता, बोलता, दावा लढता. थोडी ऊब वर उरते, ती अंगाला हात लावला की लागते." मी न राहवून म्हणाले, "मॅडम, मायच्या बिबड्यांच्या ज्वारीवर हात धरला की कोमट लागतं, तेही हेच का?" मॅडम म्हणाल्या, तिथेही डोळ्यांना न दिसणारं काहीतरी जिवंत असणार, पुढच्या वेळी त्या पाण्याचा एक थेंब आण. आबांची एक शंका अजून उरली होती. "माणसाला भाकरी. कांद्याला कोण देतं?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सेल उन्हात ठेवता?" आबा चपापले, ही गोष्ट यांना कोणी सांगितली म्हणून. मी पुन्हा जमिनीकडे बघितलं. "तुमचे सेल उन्हाने फारसे भरत नाहीत. पानं मात्र खरोखर भरून घेतात. आपण सगळे त्यांच्याच उन्हावर चालतो."

परवा माझ्या भाचेसुनेची मुलगी माझ्या खोलीत मोबाईलवर शिकत होती. शाळा इंग्रजी, म्हणून पेशीला ती सेल म्हणते. "आजी, आय हॅव टू फिनिश सेल," असं ती म्हणाली तेव्हा तिच्या आजोबांनी बाहेरून ओरडून विचारलं, कुठल्या दुकानात लागलाय. मी हसत सुटले. तिला वाटलं, म्हातारीला काय झालं. शब्द बदलला तरी घरोघरचा घोळ तोच आहे, हे बघून मला बरं वाटतं.

त्या सोमवारी आम्ही संध्याकाळच्या एस.टी.ने परतलो. प्रयोगशाळेत आबा खुश दिसले होते, पण त्यांचा निकाल ओट्यावर लागे, त्याआधी नाही. घरी सगळे उपाशी बसले होते. आबांनी पाय धुतले. तांब्याभर पाणी प्यायले. ओट्यावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. माय दारात, बापू खांबाला टेकून, आणि मी अंगणात चप्पलसुद्धा न काढता उभी.

"निकाल लागना," आबा म्हणाले. "पोर सुटनी."

मायच्या तोंडून 'देवा' एवढंच निघालं आणि ती दारातच खाली बसली. बापूंनी जरा थांबून विचारलं, "आन् कांदा?"

"कांदाबी सुटना."

मग जी हसाहस झाली ती शेजारच्या घरापर्यंत गेली. मायने गुळाचा खडा आधी देवापुढे ठेवला, मग आबांच्या हातावर, मग माझ्या. ताटं मांडली गेली. आबांनी भाकरी मोडली आणि घास घ्यायच्या आधी सगळ्यांकडे बघत म्हणाले, "खा, खा. सम्दासना सेल उतरी गयात." मी त्या दिवशी इतकी जेवले की मायने हात धरून उठवलं.

आबांनी बांधाचा दावा मागे घेतला, शेजाऱ्याला मिठी मारली, असं काही झालं नाही. एका सूक्ष्मदर्शकाने एवढं होत नसतं. ते तो दावा शेवटपर्यंत लढले आणि हरले. मात्र तारखा कशा घ्यायच्या, प्रकरण कसं लांबवायचं, ही विद्या त्यांच्याइतकी तालुक्यात कोणाकडे नव्हती, आणि तिचा उपयोग त्यांनी एकदा माझ्यासाठी केला.

होळी झाली आणि धानोऱ्याची मंडळी आली. मुलाचे वडील, मामा आणि दोन बायका. मी पोह्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते, माय माझ्या पदराची घडी सारखी करत होती. बाहेर पीकपाण्याचं बोलणं झालं, उन्हाचं झालं, मग मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. "मंग, पोरले बलावा."

"बलावसू," आबा म्हणाले. "पन एक गोट आधीच सांगी देस. पोरनी पेशी चालू शे."

बाहेर कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मायने माझा दंड घट्ट धरला. "कसानी पेशी?" मामांनी विचारलं.

"कांदानी," आबा म्हणाले, आणि मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली, सुपडूभाऊपासून गालाच्या पेशीपर्यंत, मुद्देमालासकट. मंडळी हसून हसून लोळायची बाकी राहिली. आबा स्वतः हसले नाहीत. सगळे शांत झाल्यावर मुलाच्या वडिलांनी डोळे पुसत विचारलं, "मंग हाई पेशी कधी सरी?"

"तिना काय भरोसा," आबा म्हणाले. "बारावी शे, मंग बी.एस्सी. शे. तारखावर तारखा पडतीन. मन्हा बांधना दावा देखा, अजून चालूच शे. तुम्हले थांबानं ते थांबा, नई ते मन्हं काई म्हननं नई."

ते थांबले नाहीत. चांगले लोक होते, राग धरला नाही, आणि त्यांना सूनही चांगली मिळाली. पण हे सगळं पुढचं. त्या क्षणी मी दाराआड उभी होते आणि आबा आपल्यासाठी काय करून बसलेत हे मला हळूहळू उमगत होतं. मायनेही ऐकलं होतं. तिने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर जाता जाता, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "तू जाय, अभ्यासले बठ. तुन्ही पेशी शे."